वेरूळचे पाथरवट आणि परग्रहावरचे पाहुणे

वाचकहो, गेल्या वर्ष-दोन वर्षांत एक प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येतो आहे. विचारणारे बहुधा अठरा ते पंचवीस वयाचे तरुण असतात. कोणी इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करतो, कोणी हातकणंगल्याहून रोज कोल्हापूरला कॉलेजात जातो. इशाच्या नमाजनंतर मोबाईल पुढे करून ते म्हणतात, "मौलाना, वेरूळचे कैलास लेणे माणसांनी कोरलेच नाही, परग्रहावरून आलेल्यांनी कोरले, असे यात सांगितले आहे. हे खरे आहे का?" आणि बऱ्याचदा त्याच दमात दुसरा प्रश्न येतो, "ते परग्रहवासी म्हणजेच कुरआनातले जिन्न तर नव्हेत?"

पहिला प्रश्न इतिहासाचा आहे, दुसरा अकीद्याचा. पहिल्याचे उत्तर इतिहासाचा एखादा प्राध्यापक माझ्याहून चांगले देईल. परंतु दुसऱ्या प्रश्नामुळे हा विषय मशिदीच्या दारात आला आहे, आणि दारात आलेल्या प्रश्नाला हसून परत पाठवणे मला योग्य वाटत नाही.

ही कल्पना आजची नाही. एरिक फॉन डॅनिकेन या स्विस हॉटेल-व्यवस्थापकाने १९६८ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि ते जगभर खपले. पिरॅमिड आणि पेरूतील नाझ्काच्या रेषा यांसारख्या प्राचीन अवशेषांमागे आकाशातून आलेले पाहुणे असावेत, असे त्याने सुचवले. मराठीतही या विचाराला मोठा वाचक मिळाला. डॉ. सुरेशचंद्र नाडकर्णी यांचे 'पृथ्वीवर माणूस उपराच' हे पुस्तक ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या वाचकांना चांगले आठवत असेल. पुढे दूरचित्रवाणीवर मालिका आल्या, त्यानंतर मोबाईलवरचे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ आले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या सर्वांचे आवडते ठिकाण एकच: वेरूळचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे, कैलास.

आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. अन्य ग्रहांवर सजीव असतील का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. कुरआनच्या सूरह शूरा (४२:२९) मध्ये आकाशांत आणि पृथ्वीत पसरवलेल्या सजीवांचा उल्लेख आहे, आणि इच्छा होईल तेव्हा त्यांना एकत्र करण्यास अल्लाह समर्थ असल्याचे म्हटले आहे. तेव्हा पृथ्वीबाहेर काही सजीव आढळले तरी मोमिनाला दचकण्याचे कारण नाही. पण तिकडे कोणी असू शकेल, यावरून ते इथे आले, छिन्नी घेऊन वेरूळच्या डोंगरावर बसले आणि काम उरकून निघून गेले असे सिद्ध होत नाही. त्या दोन विधानांच्या मध्ये जी दरी आहे, ती कोणताही व्हिडिओ भरून काढत नाही. केवळ संगीत मोठे करतो.

आता व्हिडिओतले गणित पाहू, कारण तरुणांना भुलवते ते हेच. कैलास कोरताना चार लाख टन दगड काढावा लागला, काम अठरा वर्षांत झाले, रोज बारा तास धरले तरी तासाला पाच टन दगड काढावा लागेल, आणि हे माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे, असे सांगतात. पाच टन हा शब्द ऐकताच माणूस दबून जातो. पण हा आकडा एका माणसाचा नाही. अडीचशे माणसे कामावर असतील तर माणशी तासाला वीस किलो दगड होतो. हजार माणसे असतील तर पाच किलो. आपल्या भागातल्या दगडाच्या खाणीवर सुतकी आणि पहार घेऊन राबलेल्या कोणाही वडार बांधवाला विचारा, तासाला वीस किलो दगड फोडण्यासाठी आकाशातून मदत मागवावी लागते का. गणित त्यांचेच आहे. फक्त शेवटची पायरी, माणसांच्या संख्येने भागण्याची, त्यांनी गाळली आहे.

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ही पायरी गाळली नाही. एक मजूर दिवसाला सुमारे ४ घनफूट खडक काढतो असे धरून त्यांनी हिशेब केला, तर २५० मजुरांना हे खोदकाम सुमारे साडेपाच वर्षांत करता येते असे निघाले. लेण्याचा खड्डा सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे, आणि मागची भिंत १०७ फूट उंच आहे. पण डोंगर उताराचा असल्याने पुढच्या बाजूला तेवढा खडक काढावा लागला नाही, आणि मधला मंदिराचा भाग तर तसाच राखायचा होता. शिवाय सगळेच एका दमात झाले असेही नाही. मुख्य मंदिर राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (इ.स. ७५६ ते ७७३) याच्या काळातले, आणि आवारातले काही भाग नंतरचे, असे ढवळीकरांनी दाखवले आहे. काम वरून खाली उतरत गेले, त्यामुळे परांची बांधण्याची मोठी गरजच उरली नाही. ज्याला व्हिडिओवाले अशक्य म्हणतात, ती खरे तर पाथरवटाची सोय होती.

वाचकहो, यापुढची गोष्ट मला आकड्यांपेक्षाही महत्त्वाची वाटते. या लेण्याविषयीचा एक अगदी जुना उल्लेख बडोद्यात मिळालेल्या ताम्रपटात आहे. तो राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्कराजाचा, शके ७३४ चा, म्हणजे इ.स. ८१२-१३ चा आहे. एलापूरच्या डोंगरावर कृष्णराजाने करविलेल्या वास्तूचे त्यात वर्णन आहे. कवी म्हणतो की विमानांतून जाणारे देवही ती पाहून थक्क झाले, आणि ती घडवणारा शिल्पी स्वतःच चकित झाला की हे माझ्या हातून झाले तरी कसे. पुन्हा असे करणे त्याला जमेना. कवीच्या अतिशयोक्तीचे आपण काय करायचे ते करू, त्यातल्या देवतांवर आपला विश्वासही नाही. पण पाहा, त्या काळच्या कल्पनेतही विमानात बसलेले केवळ प्रेक्षक आहेत. घडवणारा खाली जमिनीवर आहे, आणि तो माणूस आहे. आजच्या व्हिडिओने प्रेक्षकाला कारागीर केले आणि कारागिराला कथेतूनच काढून टाकले.

मराठीतली जुनी कथाही तेच सांगते. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू'त ही आख्यायिका आहे. मंदिराचे शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही असा राणीने पण केला, इतक्या लवकर शिखर दाखवणे कोणालाच जमेना, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने आधी शिखरच कोरायला घेतले आणि मग खाली उतरत गेला. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण ज्या मराठी माणसाने ती रचली, त्याला कोड्याचे उत्तर एका कारागिराच्या अकलेत सापडले.

आता आपल्या ग्रंथांकडे येतो. जो रोग आज परग्रहवासीयांच्या नावाने आला आहे, तो सहाशे वर्षांपूर्वी राक्षसी देहाच्या माणसांच्या नावाने आला होता. इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दमा'मध्ये त्याचा समाचार घेतला आहे. इजिप्तचे पिरॅमिड, किसराचा ईवान, पाणी वाहून नेणाऱ्या प्रचंड कमानी पाहून लोक म्हणत की पूर्वीच्या माणसांची शरीरेच ताडामाडाएवढी असली पाहिजेत. कथेकऱ्यांनी तर ऊज नावाचा एक पुरुष कल्पिला, जो समुद्रातला मासा उचलून थेट सूर्यावर भाजून खाई. इब्न खल्दून यांना या कथेचे हसू येते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की जुन्या वास्तू मोठ्या आहेत, कारण त्यांमागची राज्ये मोठी होती, मनुष्यबळ संघटित होते आणि जड भार उचलण्याची साधने वापरली गेली. ज्याला साधनांचे आणि सहकार्याचे भान नाही, तो शरीराचा आकार वाढवत बसतो. त्यांचा सर्वांत धारदार पुरावा समूद जमातीच्या घरांचा आहे. ही घरे त्यांचीच असल्याचे सही हदीसवरून ठाऊक आहे, हिजाजचे काफिले जवळजवळ दरवर्षी त्यांच्यावरून जातात, आणि त्यांची उंची व लांबीरुंदी नेहमीच्या घरांसारखीच आहे. म्हणजे त्यांत राहणारे आपल्याएवढेच होते. आमच्या मदरशांतल्या किती विद्यार्थ्यांनी हे प्रकरण वाचले आहे, ही वेगळी चिंता आहे.

कुरआनची दिशाही हीच आहे. सूरह रूम (३०:९) मध्ये पृथ्वीवर फिरून पूर्वीच्यांचा शेवट पाहण्यास सांगताना म्हटले आहे की ते सामर्थ्याने अधिक होते, त्यांनी जमीन नांगरली आणि नंतरच्यांपेक्षा अधिक वसवली. 'हे जुन्या माणसांना जमणे शक्यच नाही' या वाक्यात जो अहंकार आहे, त्याला याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

मग जिन्नांचे काय? हा आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सूरह सबा (३४:१२-१३) मध्ये हजरत सुलैमान (अ.) यांच्यासाठी जिन्न उंच वास्तू, प्रतिमा, हौदाएवढी पात्रे आणि जागच्या जागी रोवलेल्या प्रचंड देगा घडवत असल्याचे आले आहे. आपण त्यावर ईमान ठेवतो. मग एखादा तरुण विचारणारच की जिन्न तिथे बांधू शकतात तर वेरूळला का नाही?

याचे उत्तर 'अशक्य आहे' असे मी देत नाही. माझे उत्तर एवढेच की, कोणी सांगितले? सुलैमान (अ.) यांची गोष्ट आपल्यापर्यंत वहीद्वारे आली आहे. वेरूळविषयी अशी काही वही नाही, साक्षीदार नाही, लेख नाही. उलट जो लेख आहे तो शिल्पकाराचे नाव काढतो. शिवाय सूरह साद (३८:३५) मध्ये सुलैमान (अ.) यांची प्रार्थना आहे की आपल्यानंतर कोणालाही लाभणार नाही असे राज्य मिळावे, आणि त्या प्रार्थनेनंतरच जिन्न त्यांच्या सेवेस दिल्याचे येते. म्हणजे ही एका पैगंबराला दिलेली खास देणगी होती. दिसेल त्या कुलपाला लावून पाहायची ती किल्ली नव्हे. ज्याला कळले नाही त्याने 'जिन्नांनी केले' म्हणावे यासाठी ती आयत उतरलेली नाही. आपल्याच दख्खनेत कितीतरी जुन्या मशिदी आणि बारवा 'जिन्नांनी एका रात्रीत बांधल्या' असे म्हातारी माणसे सांगतात. शेजारचा हिंदू बांधव हेमाडपंती देवळाविषयी तेच सांगतो, फक्त जिन्नांच्या जागी पांडव असतात. नाशिकची लेणी पांडवलेणी म्हणून ओळखली जातात, आणि त्याच लेण्यांच्या भिंतींवर सातवाहन व क्षत्रप घराण्यांतल्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत. वाचता येईनासे झाले की पांडव येतात, जिन्न येतात, आता परग्रहवासी आले.

बातमीची पडताळणी करा, हा सूरह हुजुरात (४९:६) मधील आदेश मुस्लिम समाजाने एके काळी फार गांभीर्याने घेतला. त्यातून इस्नाद उभी राहिली आणि रावीची जर्ह करण्याचे शास्त्र उभे राहिले. ते शास्त्र डॅनिकेनला लावून पाहा. त्याने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एक्वाडोरमधील अद्भुत भुयारांत आपण स्वतः उतरल्याचे वर्णन केले. ज्या मोरिझच्या सोबतीने गेल्याचे तो सांगत होता, त्या मोरिझने पुढच्याच वर्षी एका जर्मन साप्ताहिकाला सांगितले की हा मनुष्य त्या भुयारांत गेलाच नाही. अशा रावीकडून आमच्या मुहद्दिसांनी वुजूच्या पाण्याविषयीचीही हदीस घेतली नसती.

ओघात आणखी एक. याच व्हिडिओंमध्ये औरंगजेबाने हजार माणसे तीन वर्षे कैलास फोडायला लावली आणि तरी ते फुटले नाही, अशी कथा हमखास असते. मी पाहिलेल्यांपैकी एकानेही ती कोणत्या ग्रंथातून घेतली ते सांगितलेले नाही. त्या बादशहाच्या कारकिर्दीचा इतिहास सांगणाऱ्या 'मआसिर-ए-आलमगीरी'त साकी मुस्तइद खानाने वेरूळचे वर्णन केले आहे, ते पाहण्याजोगे आश्चर्य म्हणून. आणि त्यानेही ते जादूसारखे कसब असलेल्या खोदकाम करणाऱ्यांच्या नावावर जमा केले आहे. औरंगजेबाविषयी कोणाचे मत काहीही असो, सनद नसलेली कथा ती सनद नसलेलीच.

तरीही कोणी म्हणेल की मौलाना, सोडा हो, लोक गंमत म्हणून पाहतात, यात धर्माचे काय बिघडते? इथेच माझे मन अडते. सूरह आराफ (७:८५) मध्ये हजरत शुऐब (अ.) आपल्या जमातीला माप आणि वजन पुरे देण्यास सांगतात, आणि पुढे लोकांच्या वस्तू त्यांना कमी करून देऊ नका असे म्हणतात. अरबीत याला बख्स म्हणतात. बख्स केवळ तराजूवर होत नाही. ज्याने जे केले त्याचे श्रेय त्याच्याकडून काढून घेणे हेही बख्सच आहे. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, अशी शिकवण पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडून आपल्याला मिळाली आहे. ज्या पाथरवटाचा घाम बाराशे वर्षांपूर्वी सुकला, त्याची मजुरी राजाने दिली की नाही, आपल्याला ठाऊक नाही. त्याचे नाव राहिले नाही. उरले ते एवढेच की हे माणसांच्या हातांचे काम आहे. तेवढेही आता काढून घ्यायचे का?

आणि हे कोणाकडून काढून घेतले जाते, तेही पाहा. युरोपातल्या उत्तुंग चर्चवास्तूंविषयी असा संशय सहसा कोणी घेत नाही. संशय इजिप्तवर, मेक्सिकोवर, पेरूवर, भारतावर. आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी तटबंद्या तिथल्याच लोकांच्या पूर्वजांनी उभारल्या हे मान्य करायला ऱ्होडेशियाचे गोरे राज्यकर्ते अखेरपर्यंत तयार नव्हते. काळ्या माणसाला हे जमणार नाही, एवढाच त्यांचा पुरावा. इजिप्तच्या बाबतीत तर २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पपायरसवरच्या नोंदी सापडल्या. त्यांत मेरेर नावाचा मुकादम खुफूच्या पिरॅमिडसाठी तूरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेतून गीझाला कसे नेले, याचा दिवसागणिक हिशेब ठेवतो. साडेचार हजार वर्षांपूर्वीची हजेरीवहीच ती. ती सापडल्यावरही व्हिडिओ थांबले नाहीत.

आपल्याकडे अशी वही नाही, पण हात आहेत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातल्या पितळखोरे लेण्यांत मिळालेली यक्षाची एक प्रतिमा आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे: कान्हदास, धंद्याने सोनार. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांत कान्हाचा शिष्य बालक असे नाव कोरलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या माणसांना आपले नाव राहावेसे वाटले. आमच्याच तालुक्यात हुपरीला चांदीचे कारागीर पैंजणाची एकेक कडी जुळवत डोळे शिणवतात. उद्या कोणी त्यांचे काम पाहून 'हे माणसाचे नव्हेच' म्हणाले, तर ती त्यांना स्तुती वाटेल का, ते त्यांनाच विचारावे. आपल्या दृष्टीने तर कारागिरी ही पैगंबरांची वाट आहे. नूह (अ.) यांनी तारू बांधले, दाऊद (अ.) चिलखताच्या कड्या मापून जोडत आणि आपल्या हातच्या कमाईवर जगत, जकरिया (अ.) सुतार होते.

इथे एक अडचण काही वाचकांच्या मनात असेल. कैलास हे मूर्तिपूजेसाठी कोरलेले स्थान आहे. मुसलमानाने त्याच्या कर्त्यांच्या श्रेयाची एवढी कळकळ का बाळगावी? सूरह माइदा (५:८) मध्ये एखाद्या समूहाविषयीच्या वैरानेही तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नका असे सांगितले आहे. मग ज्यांच्याशी आपले वैरही नाही, केवळ उपासनेचा भेद आहे, त्यांच्या बाबतीत न्याय किती सोपा असायला हवा! तौहीदवरचा माझा विश्वास मला त्या मंदिरात नतमस्तक होऊ देत नाही. पण छिन्नी कोणाच्या हातात होती याची साक्ष खोटी द्यायलाही तो मला परवानगी देत नाही.

श्रेयाची दुसरी बाजू जबाबदारीची आहे, आणि कुरआन तिच्यावर अधिक भर देतो. समूद लोक डोंगर कोरून घरे करत, याचा उल्लेख अनेक सूरहांत आहे. त्यांचे कौशल्य कुरआन नाकारत नाही. त्या कौशल्याचा त्यांना जो गर्व झाला, त्याबद्दल त्यांना धरतो. पैगंबर (स.) तबूकच्या मोहिमेत त्या प्रदेशातून गेले, तेव्हा साथीदारांना तिथून रडत, भीत जाण्यास त्यांनी सांगितले. हा सगळा बोध एकाच गृहीतावर उभा आहे, की ती घरे माणसांनी कोरली. ती दुसऱ्याच कोणी कोरून दिली असती, तर गर्व कशाचा आणि हिशेब कोणाचा? माणूस पृथ्वीवर उपरा आहे या म्हणण्याशीही मला म्हणूनच जुळवून घेता येत नाही. आदम (अ.) जन्नतमधून उतरले हे खरे, पण ते याच मातीचे, आणि कुरआनने (२:३०) खलिफा म्हणून नेमायचे म्हटले ते याच पृथ्वीवर. सूरह ताहा (२०:५५) मध्ये याच मातीतून निर्मिती, तिच्यातच परत जाणे आणि तिच्यातूनच पुन्हा उठणे सांगितले आहे. उपऱ्याला घराचा जाब कोणी विचारत नाही.

ज्या तरुणांना वेरूळला जायचे आहे त्यांना मी जा म्हणतो, आणि जमले तर अजिंठाही जोडून करा म्हणतो. कैलासाच्या खड्ड्याच्या भिंतींवर छिन्नीच्या खुणा अजून दिसतात. अजिंठ्याचे चोविसावे लेणे तर अर्धवटच राहिले. काही खांब पुरे घडलेले, काही नुसते चौकोनी ठोकळे, आणि काही ठिकाणी कातळ तसाच. काम कोणत्या घावाला थांबले, ते तिथे उभे राहून बोटाने दाखवता येते.